परतीचा बस्त्याव

यंदा मार्चपासून जूनपर्यंत दर शुक्रवारी सकाळी साडेसहा ते सात मी मासा होतो.

हे मी नाशिकला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तिकडे ऊन फार आहे ना रे?" आमच्या घरात आजवर कुणी मासा खाल्लेला नाही, होणं तर दूरच. पण दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर बस्त्यावकाका राहतात, आणि त्यांच्या शेजारात राहणाऱ्याला कधी काय व्हावं लागेल याचा नेम नसतो.

पद्धत अशी होती. काका गॅलरीत फिशिंग रॉड घेऊन उभे राहायचे. दोरी पाच मजले उतरून खाली पार्किंगमध्ये यायची. तिच्या टोकाला गळ नसेल हे मी पहिल्याच दिवशी कबूल करून घेतलं होतं. गळाच्या जागी पाण्याचा पाच लिटरचा कॅन बांधलेला असायचा. तो मी दोन्ही हातांनी धरायचा. वरून रीळ फिरायला लागली की मी हिसके द्यायचे, मध्येच ढील सोडायची, मध्येच कुणाच्या तरी लँडक्रूझरखाली घुसायचा प्रयत्न करायचा. फोनचा इयरफोन कानात असायचा आणि त्यातून काकांचा आवाज यायचा, "गायधनी, फार सभ्य मासा आहेस तू. जरा वाईट वाग ना."

माझी आठ वर्षांची मुलगी ओवी खिडकीतून हा खेळ बघायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "पपा, यू आर नॉट इव्हन ट्राइंग टु लिव्ह," ती म्हणाली. इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, पहिले दोन आठवडे वाटत होतं की आम्ही खालच्या मजल्यांवरचे वाळत घातलेले कपडे ओढतोय. मग त्यालाही सवय झाली आणि तो शुक्रवारी माझ्यासाठी दोन गाड्यांची जागा मोकळी ठेवायला लागला.

बस्त्यावकाका मूळचे वसईकडच्या एका कोळीवाड्यातले. बॅजवर सेबॅस्टियन, घरीदारी बस्त्याव. दोह्यातल्या एका हॉस्पिटलात अठ्ठावीस वर्षं एक्स-रे काढतायत. दिवसभर माणसांना एकच वाक्य सांगून सांगून ते त्यांच्या जिभेवर कायमचं मुक्कामाला आलं आहे. "दीर्घ श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा." गोष्ट सांगताना रंगात आले की ऐकणाऱ्याला "धरा" म्हणतात आणि स्वतः पाणी प्यायला आत निघून जातात. त्यांच्या पत्नी फिलूकाकी एखाद्या गोष्टीवरून भडकल्या की काका अगदी मऊ आवाजात "सोडा" म्हणतात. त्यानं काकी जास्तच भडकतात, पण अठ्ठावीस वर्षांत काकांनी उपाय बदललेला नाही.

माणसांची ओळखही ते आतून ठेवतात. मला एकदा महिनाभर खोकला होता तेव्हा त्यांनीच माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता. त्यानंतर लिफ्टमध्ये माझ्याच ऑफिसच्या साहेबांशी माझी ओळख करून देताना म्हणाले, "हे गायधनी. स्वभावानं चांगले. डावीकडे खाली एक जुना डाग आहे, पण काळजीचं कारण नाही." साहेब अजूनही माझ्याशी बोलताना थोडे डावीकडे बघतात.

तर हे काका फेब्रुवारीत एका संध्याकाळी पेढे घेऊन आमच्या दारात उभे. "लागला!" ते म्हणाले. "मॉलचा लकी ड्रॉ लागला. नॉर्वे! खोल समुद्रात मासेमारी, बोट त्यांची, गाइड त्यांचा, दोन माणसांसाठी!"

दोह्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. इथे साबण घेतला तरी कूपन मिळतं. ते भरून एका मोठ्या काचेच्या पेटीत टाकायचं आणि विसरून जायचं. आमच्या ओळखीत आजवर कुणाला काही लागलेलं नव्हतं. त्यामुळे काकांचे पेढे खाल्ल्यावर माझ्या बायकोनं, नीलिमानं, कूपनांसाठी खरेदीचा असा काही सपाटा लावला की कपडे धुवायच्या पावडरीचे डबे आमच्या दिवाणखान्यात टीपॉयच्या उंचीचे झाले. आम्हाला काही लागलं नाही. पावडर अजून पुरतेय.

काकांची तयारी मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. त्यांनी फ्रिजच्या दारावर नॉर्वेतल्या एका गावाचा फोटो चिकटवला. समुद्र, डोंगर, लाल घरं, आणि किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर उलटे टांगलेले हजारो मासे. "वलांड्या बघ," काका म्हणाले. त्यांच्या गावी बोंबील वाळत घालायला बांबूच्या वलांड्या उभ्या करतात, तशाच त्या होत्या. "बोंबलाच्या जागी कॉड, बांबूच्या जागी लाकूड. बाकी बंदर आमचंच आहे की नाही?" मी हो म्हटलं. बर्फाच्छादित डोंगराचं काय करायचं हे मी विचारलं नाही.

तिथल्या गाइडचं नाव आयनार. त्यानं बिचाऱ्यानं सोबत काय आणावं याची छोटीशी यादी पाठवली होती. काकांनी उत्तरादाखल एकतीस प्रश्न पाठवले. बोट किती फुटी? तळ किती खोल? वारा कुठल्या दिशेचा? दोरीचं शिसं तळाला टेकल्यावर रीळ किती वळसे वर घ्यायची? आयनारनं सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला परिच्छेद लिहिला. मग ओळ लिहायला लागला. मग 'हो' आणि 'नाही'वर आला. "दुपारी बोटीवर भात मिळेल का?" या प्रश्नाला त्याचं उत्तर आलं, "भात घेऊन या." काकांनी ते शब्दशः घेतलं आणि पाच किलो सुरती कोलम वेगळा काढून ठेवला.

आयनारच्या यादीत लोकरीचे आतले कपडे होते, सुती चालणार नाहीत असं ठळक अक्षरात लिहून. एप्रिलच्या दोह्यात लोकर शोधायची म्हणजे काय याची कल्पना करा. पण ती मिळाली. इथले लोक सुट्टीत बर्फात खेळायला जातात, त्यामुळे एका दुकानात अख्खा कोपरा थंडीचा होता. काकांनी लोकरीचे कपडे तिथेच चढवले आणि बाहेर येऊन एकदम दोन जिने चढून पाहिलं. फिलूकाकींनी मला फोन केला, "ये आणि ह्यांना घेऊन जा. मी ओळख दाखवणार नाही." दुकानदार सुदानी होता. त्यानं काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि "इन्शाल्ला खैर", म्हणजे देव करो नि भलं होवो, असं म्हणाला.

इथवर मला सगळं हसण्यावारी न्यावंसं वाटत होतं. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी ओवीला घेऊन अल मुंतझाच्या बागेत गेलो. लहान मुलांच्या झोपाळ्यावर एक मोठा माणूस डोळे मिटून झोके घेत होता. दोन मुलं बाजूला रांगेत उभी होती. जवळ गेल्यावर बघतो तर बस्त्यावकाका. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम, आणि ओठ हलतायत, "श्वास घ्या... धरा... धरा..."

मी झोपाळा थांबवला आणि त्यांना बाकावर बसवलं.

"किती वेळ झाला?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"मी बसलो त्याला. सात मिनिटं तरी झाली असतील का? काल पाच झाली होती."

मग त्यांनी सांगितलं. "मना बोट लागते, गायधनी."

आता बोट लागणं यात लाजण्यासारखं काय आहे? माझ्या आत्याला रिक्षासुद्धा लागते. मी तसं म्हणालोही. काकांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"तुझी आत्या कोळ्याच्या घरात नाही जन्मली. मी तेरा वर्षांचा होतो. बानं मला पहिल्यांदा मोठ्या समुद्रात नेलं. मिंगेलदादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तो आधीपासून जात होता, तोही बरोबर. किनारा दिसेनासा झाला आणि माझं सगळं बाहेर यायला लागलं. पाणीसुद्धा टिकेना. बानं दुपारपर्यंत वाट बघितली आणि जाळं न टाकताच बोट फिरवली. बंदरावर सगळ्या खलाशांच्या बाया टोपल्या घेऊन उभ्या, आणि बोट रिकामी. बा कुणाला काही बोलला नाही. घरी येऊन आईला एवढंच म्हणाला, ह्याला शाळेतच राहू दे. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं परतीचा बस्त्याव. आज मी छप्पन्न वर्षांचा आहे. मागच्या साली भाचीच्या लग्नात वाढणारा पोऱ्या पंगतीत ओरडून विचारतो, परतीच्याला रस्सा वाढू का?"

मला हसू आलं आणि ते आवरताना फार त्रास झाला.

"आणि दादा काय म्हणाले?"

"दादा कधीच काही बोलला नाही. तेच तर आहे ना." काका बाकावरून समोर बघत राहिले. "शाळेत गेलो, एक्स-रे शिकलो, इथं आलो. सुट्टी कधी मिळते? पोरांच्या शाळा बंद झाल्या की, जून-जुलैत. आणि तिकडे मासेमारीची बंदी कधी? जून-जुलैत. अठ्ठावीस वर्षं घरी जातोय, दादाची बोट मी पाण्यात बघितलेली नाही. ती वाळूवर आणि दादा तिच्या सावलीत जाळं शिवत बसलेला. मी बाजूला जाऊन बसतो. तो म्हणतो, चहा घेतला? मी म्हणतो, घेतला. झालं. खलास."

"मग डिसेंबरात जा की एकदा. बसा त्यांच्या बोटीत."

"आणि सगळ्या बंदरासमोर परत ओकू?" काका उसळले. "तिकडे नॉर्वेत मला कोण ओळखतं? बोट माझ्या बाची नाही, दादाची नाही. तोही पाहुणा, मीही पाहुणा. एक दिवस, गायधनी. दादाबरोबर एका बोटीत एक दिवस, आणि माझ्यामुळे बोट मागे फिरायला नको. मासा मिळो न मिळो."

"न मिळो? मग मी दर शुक्रवारी पार्किंगमध्ये काय करतोय?"

"हात गुंतलेले असले की पोट विसरायला होतं, असं आयनारनं लिहिलंय. म्हणून हाताला सवय करतोय."

म्हणजे दुसरं तिकीट मिंगेलदादांचं होतं. खरं सांगतो, मला जरा लागलंच. चार महिने मी मनातल्या मनात त्या तिकिटाला नकार द्यायची तयारी करत होतो. शाकाहाराचं कारण, ऑफिसचं कारण, ओवीच्या परीक्षेचं कारण, सगळी पाठ करून ठेवली होती. आणि विचारणारच नव्हतं कुणी.

बागेतून निघताना काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लकी ड्रॉ वगैरे काही नव्हता. "भावाच्या पैशानं दादा वसई स्टेशनापर्यंत यायचा नाही. पण फुकट लागलेली वस्तू वाया गेलेली त्याला बघवत नाही. दोघांसाठी आहे, दोघं नाही गेलो तर रद्द, असं सांगितलं तेव्हा कुठं पासपोर्ट काढायला गेला." हे नीलिमाला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

जूनमध्ये मिंगेलदादांचा व्हिसा आला आणि दादाही आले. नॉर्वेच्या वाटेवर दोह्यात पाच दिवस मुक्काम होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दिसायला सत्तरीचा. कडक इस्त्रीची नवी पँट, हातात एक पिशवी, आणि त्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांनी आमची लिफ्ट दोन दिवस भारून टाकली. विमानतळावर भावाला बघून म्हणाले, "बारीक झालास." त्यानंतर घरी पोचेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. काका सगळी बडबड माझ्याशी करत होते. माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून ते मला रस्त्यावरच्या इमारतींची नावं सांगत होते. मी याच रस्त्यानं रोज ऑफिसला जातो.

त्याच शुक्रवारी काकांनी रंगीत तालीम ठरवली. मदिनत अश शमालला, म्हणजे कतारच्या अगदी उत्तर टोकाला, भाड्यानं बोट मिळते. दोन तास समुद्रात, दादांना रॉड दाखवायचा आणि परत. मासा म्हणून माझी गरज संपली होती, गाडी चालवणारा म्हणून मी लागत होतो. सकाळी सहाला आम्ही धक्क्यावर होतो. बोटीचा कॅप्टन सेल्वम, तमिळनाडूचा. जूनचा वारा सुटलेला होता आणि बंदराबाहेर पाणी उड्या मारत होतं. काकांनी डोक्यावर लोकरीची टोपी घातली होती. घाम टिपत ते म्हणाले, "यल्ला, चला."

पहिली दहा मिनिटं ते दादांना रीळ समजावत होते. दादा मान हलवत होते. मग वाक्यं तुटक व्हायला लागली. मग नुसते शब्द. मग "श्वास घ्या... धरा..." एवढंच ऐकू आलं आणि काका रॉड टाकून कठड्यावर वाकले.

सेल्वमनं इंजिन हळू केलं. "साब, वापस?"

"नको," काका वाकल्या वाकल्याच म्हणाले. "दादा, त्याला सांग. फिरवू नको म्हणावं. आता होईल बरं. दोन मिनिटं. दादा, सांग ना त्याला."

तेरा वर्षांच्या पोराचाच आवाज होता तो. मला कुठे बघावं कळेना.

मिंगेलदादा उठले. हलत्या बोटीत, कशालाही न धरता, चार पावलं चालत आले. काकांच्या शेजारी बसले आणि त्यांचं कपाळ आपल्या तळव्यात धरलं, आई धरते तसं. मग म्हणाले, "त्या दिवशी मना पन लागली होती."

काकांनी मान वर केली.

"तू ह्या बाजूनं ओकत होतास. बा तुज्यापाशी होता. मी त्या बाजूनं ओकत होतो. त्याच्या आधी दोन वर्षं त्याच बाजूनं ओकलो. बंदी उठली का पहिले चार दिवस अजून ओकतो."

"बोलला नाहीस तू कधी."

"बोलून काय झालं असतं? बा दोगांना सोडनार होता? एकाला बोटीवर ठेवलाच असता त्यानं." दादांनी समुद्राकडे बघितलं. "तुजं गणित चांगलं होतं."

अठ्ठावीस वर्षं लोकांच्या आतलं बघणारा हा माणूस. सख्ख्या भावाच्या आत काय आहे ते त्याला आज कळत होतं. बस्त्यावकाका रडायला लागले. लपवून वगैरे नाही, चांगले मोठ्यानं. मलाही रडू आलं आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

मग काका एकदम उठले आणि ओरडले, "सेल्वम, वापस चलो! दादा, नॉर्वे कॅन्सल. आत्ता फोन करतो आयनारला. पंचेचाळीस वर्षं ओकलास तू, आता मी तुला आणखी ओकायला तिकडे नेऊ? आपण इथं एसीत बसू. फिलू जेवायला करील. रोज गप्पा मारू."

पाच किलो कोलम, लोकरीचे कपडे, चार महिन्यांचे शुक्रवार, सगळं त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं.

दादांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "लकी ड्रॉचं वाया घालवतोस?" ते म्हणाले आणि हसले. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं का, मला आजही सांगता येणार नाही. सेल्वम मला विचारत होता की आजारी नक्की कोण आहे. मी म्हटलं, दोघंही, पण तू पुढे चल.

दोघं मंगळवारी गेले. शुक्रवारी सकाळी मला साडेसहाला आपोआप जाग आली. रात्री फोनवर नॉर्वेहून फोटो आला, बहुतेक आयनारनं मागून काढलेला. करडा समुद्र आणि तरंगायचे केशरी सूट घातलेले दोन पाठमोरे म्हातारे, एकाच कठड्यावर, एकाच बाजूला, खाली वाकलेले. एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर. कुणाचा कुणाच्या, ते सुटांमुळे कळत नव्हतं.

खाली काकांनी लिहिलं होतं, "आज दोघांनाही लागली. संध्याकाळपर्यंत समुद्रात होतो. फार मजा आली."